घाबरायचं कोणी

मी काळजी करणारा माणूस आहे हे कळायला कुठल्याही चाचणीची गरज नव्हती. आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ते माहीत आहे. स्कूटर गेटबाहेर काढली की मी पुन्हा जिना चढून गॅस बंद आहे का ते बघून येतो, आणि तेवढा वेळ तो माझ्या स्कूटरवर लक्ष ठेवतो. बायको म्हणते, "अहो, मी स्वतः बंद केलाय. माझ्यावर विश्वास नाही का?" विश्वास आहे. पण एकदा बघून आलेलं बरं असतं.

तरीही पन्नाशी समोर दिसायला लागल्यावर मला एका लॅपटॉपपुढे बसून हीच गोष्ट पाच पर्यायांमध्ये सांगावी लागली. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत.

आमची कंपनी कांद्याची गोदामं आणि कोल्ड स्टोरेज बांधते. ऑफिस अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, कामं जिल्हाभर. त्या वेळी सगळ्यांत मोठं काम चांदवडच्या अलीकडे हायवेला लागून चाललं होतं. लासलगावच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून काढलेलं कोल्ड स्टोरेज होतं ते, आणि उन्हाळ कांदा बाजारात यायच्या आत त्यांना ते उभं हवं होतं. ते काम आम्ही दोघं बघत होतो. मी आणि माझा मित्र. आम्ही दोघंही प्रोजेक्ट मॅनेजर, कंपनीत मागेपुढे लागलेलो, आणि इतकी वर्षं मोठं काम आलं की जोडीनेच करत आलेलो.

मालक थकले तसा त्यांच्या मुलीने कारभार हातात घेतला. पुण्यात शिकून आलेली, हुशार, बोलायला गोड. सगळा स्टाफ तिला ताई म्हणतो आणि ती आम्हा जुन्या लोकांना काका म्हणते. एका सोमवारी तिने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाली, "काका, एका प्रोजेक्टला एकच मॅनेजर असं ठरवलंय. व्यापाऱ्यांचंही तेच म्हणणं आहे, फोन कुणाला करायचा ते त्यांना कळत नाही. तुमच्यापैकी एक जण चांदवड बघेल, दुसरे इथे समन्वय बघतील. तुम्हा दोघांत मी कशी निवड करू? म्हणून एक चाचणी ठेवलीय. व्यक्तिमत्त्वाची. त्यात पास-नापास काही नसतं."

समन्वयाची खुर्ची झेरॉक्स मशीनच्या शेजारी आहे. तिथे आधी बसणारे गृहस्थ थोड्याच दिवसांत गावाकडे शेती बघायला निघून गेले आणि त्यांना निरोप द्यायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी चहा प्यायलो आणि कप बशीत ठेवताना तो इतका वाजला की ताईने माझ्याकडे बघितलं. माझा मित्र मात्र तिला म्हणाला, "चालतंय ताई. होऊन जाईल."

होऊन जाईल हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातला, आता पंचवटीत राहतो. साईटवर जायचं असलं की मी स्कूटर त्याच्या गल्लीत लावायचो आणि त्याच्या गाडीत बसायचो. गल्ली अरुंद, त्यात सकाळी भाजीच्या हातगाड्या. गाडी मागे घेताना मी दोन्ही आरशांत बघून "सांभाळ, सांभाळ" करायचो. हायवेला लागलो की माझी खरी यादी सुरू व्हायची. पत्रे वेळेवर येतील का. क्रेनवाला आज पुन्हा टांग देईल का. पाया खणताना काळा दगड लागला तर. आडगाव, ओझर, पिंपळगाव अशी गावं मागे जात आणि माझी यादी संपत नसे. तो एक हात स्टिअरिंगवर ठेवून शांतपणे ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "सकाळी सकाळी अभद्र नको बोलू राव. जागा तथास्तु म्हणती. होऊन जाईल." मग खिशातून ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी काढून मला एक गोळी द्यायचा. माझं पोट कायम जळतं म्हणून हा बिचारा गोळ्या बाळगतो असं मी घरी कौतुकाने सांगत असे.

मजा अशी की त्याच्या होऊन जाईलनंतर बहुतेक वेळा खरंच होऊन जायचं. साईटवर उतरलो की तो आधी पुढे जायचा. मी नकाशे गोळा करून पोचेपर्यंत हा कुठे तरी जनरेटरपाशी किंवा पंपापाशी वाकलेला दिसायचा. मला वाटायचं, मजुरांशी गप्पा मारायची हौस आहे याला.

चाचणी जाहीर झाल्यावर ऑफिसमध्ये परीक्षेचा हंगामच आला. ताईने म्हटलं होतं की इतरांनीही द्यावी, म्हणजे सवय होईल. कुणीतरी मोबाईलवर उत्तरांची पत्रिका शोधून काढली आणि जेवणाच्या सुट्टीत तिचं सामुदायिक वाचन झालं. खरेदी विभागातल्या गृहस्थांनी जाहीर केलं की आपण सगळीकडे 'सांगता येत नाही' करणार, उगाच कुणाला दुखवायला नको. आणि त्यांनी तसं केलंही. पास-नापास नसलेली परीक्षा ही कल्पनाच आम्हाला झेपत नव्हती. मला तर अजिबात नाही. गणिताच्या पेपरात निदान आपण कुठे चुकलो ते कळतं. इथे मीच पेपर आणि मीच उत्तर, चुकलो तर दुरुस्त काय करायचं?

आदल्या संध्याकाळी बायको भाजी निवडताना म्हणाली, "सरळ लिहा, मला कसलीच काळजी वाटत नाही म्हणून. कोण बघायला येणार आहे?"

"आणि विचारलं तर?"

"काय विचारणार? काळजी का वाटत नाही असं?"

ती हसली, मी हसलो नाही. मला समोर झेरॉक्स मशीन दिसत होतं. मला दुसरं काही येत नाही हो. खड्डा खणण्यापासून दरवाजाला कुलूप लागेपर्यंत एक इमारत उभी करणं, एवढंच मला येतं. ते काढून घेतलं तर मी रोज सकाळी जिना चढून गॅस बघायचा आणि खाली उतरायचं, एवढंच उरेल अशी मला भीती वाटत होती.

चाचणीला आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. पहिले काही प्रश्न साधे होते. मग आला तो: 'एखादी गोष्ट बिघडेल असा विचार माझ्या मनात वारंवार येतो.' मी बायकोचं ऐकून 'पूर्ण असहमत' केलं आणि कपाळाचा घाम पुसला. थोडं पुढे गेल्यावर तोच प्रश्न कपडे बदलून आला: 'मी निश्चिंत मनाने कामाला सुरुवात करतो.' मी थबकलो. अजून पुढे: 'निघण्यापूर्वी मी गोष्टी पुन्हा पुन्हा तपासतो.' यांना गॅसचं कुणी सांगितलं? ही चाचणी खोटं पकडते हे माझ्या लक्षात आलं आणि पकडले गेलो तर नुसते घाबरट नव्हे, लबाडही ठरू, या भीतीने मी मागे जाऊन सगळी उत्तरं खरी करून टाकली. माझ्या प्रामाणिकपणाची एवढीच थोरवी.

एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला. 'कामात काय चुकू शकतं ते मी सहकाऱ्यांना उघडपणे सांगतो.' मी अर्थातच पूर्ण सहमत केलं. मनात आलं, आमच्याकडे असं करणारा मी एकटाच असेन. बाकी सगळे तथास्तुला भिणारे. साईटवर धोक्यांची नोंद करायचा तक्ता लावलाय, त्यात इतकी वर्षं लोक फक्त 'साप' लिहितात, कारण साप तिथे आधीपासून असतोच.

मग निकालाची वाट बघणं सुरू झालं. त्या दिवसांत मला माझा मित्र आवडेनासा झाला. खरं ते सांगतो. त्याचं ते शांत ड्रायव्हिंग, पिंपळगावला थांबून कटिंग चहा, टपरीवाल्याशी द्राक्षाच्या भावावर गप्पा. अशा माणसाचीच चाचणी उत्तम येणार, यात मला शंका नव्हती. आणि उत्तम आली तर चांदवड त्याचं. मी गाडीत बोलणं बंद केलं. न जाणो, हा ताईला जाऊन सांगायचा की मी फार घाबरतो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी त्याच्याबद्दल असा विचार पहिल्यांदाच केला, आणि तो केल्याचंही मला वाईट वाटलं, पण तोंड काही उघडलं नाही.

त्याला ते बोचलं असावं. ओझरपर्यंत त्याने रेडिओ लावला, मग बंद केला. म्हणाला, "आज काही नाय का?"

"काय?"

"तुझं ते. क्रेन, पत्रे, काहीतरी. बोल की."

"काही नाही," मी म्हणालो.

त्याने दोनतीनदा माझ्याकडे बघितलं. स्टिअरिंगवर बोटं वाजवली. आणि बघता बघता आम्ही साईटचं वळण मागे टाकून सरळ चांदवडात पोचलो. रोजचा रस्ता, आणि हा वळण चुकला. परत फिरताना तो हसला, पण त्याने एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकलेली मी पाहिली. मला वाटलं, त्याला आपलं जिंकणं आधीच कळलंय आणि माझ्याशी कसं बोलावं ते कळत नाहीये.

निकालाच्या दिवशी ताईने मला आधी बोलावलं. तिच्यासमोर माझा अहवाल होता. रंगीत आडव्या पट्ट्या. चिकाटी, हिरवी. शिस्त, हिरवी. चिंता, केशरी, आणि चांगली लांबलचक. मी त्या केशरी पट्टीकडे बघत बसलो. एवढ्या वर्षांची आपली धडधड कुणी अशी मोजून समोर ठेवली की माणसाला उघडं पडल्यासारखं होतं. मी मनात समन्वयाच्या खुर्चीची उंची वरखाली करायला लागलो होतो.

"काका," ती म्हणाली, "चांदवड तुमचं."

मी ऐकलं आणि मला कळलंच नाही. "आणि तो?"

"ते इथे समन्वय बघतील."

"पण ताई, ही माझी पट्टी बघितली का तुम्ही? तो किती शांत माणूस आहे, सगळ्या साईटला माहितीये."

ती थोडी अवघडली. "त्यांचा अहवाल मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमचा त्यातल्या त्यात बरा आहे, एवढंच."

मी जिंकलो होतो. घरी फोन करायचा सोडून मी जिन्यातच उभा राहिलो. त्यातल्या त्यात म्हणजे काय, तेच डोक्यातून जाईना.

तो पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता. मी काही बोलायच्या आत त्याने मोबाईल पुढे केला. त्याच्याही पट्ट्या होत्या. चिंतेची पट्टी लाल होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. मी स्क्रीन वर सरकवून पुन्हा नाव बघितलं. नाव त्याचंच होतं.

"काहीतरी चुकलंय," मी म्हणालो. "तू उलटं टिक केलंस."

"नाय. सगळं खरं लिहिलं." तो जमिनीकडे बघत होता. "मला वाटलं, मशीन वाचतंय. माणसापाशी बोलायला लाज वाटती, मशीनपाशी काय? बरं वाटत होतं लिहिताना. ताई वाचंल हे ध्यानातच नाय आलं."

"तू घाबरतोस?"

"लय. आधीपासून. साईटच्या दिवशी पहाटेपासून पोटात गोळा असतो." त्याने खिशावर हात मारला, गोळ्यांची पट्टी कुरकुरली. "ह्या काय तुझ्यासाठी घेत होतो का? तुला एक द्यायचो, पट्टी मीच संपवायचो."

"मग इतकी वर्षं होऊन जाईल, होऊन जाईल..."

"तू गाडीत बसला की सगळं बोलून टाकायचा. माझ्या मनातलंच असायचं ते, तेवढंच आणि तसंच. दोघंबी घाबरलो तर साईटवर जायचं कोणी? तू आधी नंबर लावला, मग मला दुसरंच बोलावं लागलं." मग अगदी हळू म्हणाला, "आणि मी तोंडानं बोललो आणि झालंच तसं, तर? मी नाय बोलत त्या जागेवर. जाऊन बघून येतो, पंप, केबल, सगळं हातानं बघतो, पण बोलत नाय."

मग जनरेटरपाशी वाकलेला तो मला आठवला. एकदा नाही, प्रत्येक साईटवरचा आठवला.

मी तसाच ताईकडे परत गेलो आणि पहिल्यांदाच तिच्यापुढे आवाज चढवला. म्हणालो, "तुमची चाचणी खोटी नाही. पण तुम्ही आम्हाला दोन खोल्यांत बसवलंत तिथेच घोळ झाला. आम्ही दोघं मिळून एक मॅनेजर आहोत. एकाने बोलायचं आणि एकाने जाऊन बघायचं, असं चाललंय आमचं. अर्ध्या माणसाची पट्टी लालच येणार." तिने सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाली की व्यापाऱ्यांना नाव कळवून झालंय, पुढच्या कामाच्या वेळी नक्की विचार करू. ती वाईट नव्हती. तिच्या जागी मी असतो तर मीही पट्ट्याच बघितल्या असत्या, कारण दुसरं बघायला काही नसतं.

अशा चाचण्यांचा उपयोग काय, असं मला हल्ली नवीन पोरं विचारतात. मी त्यांना सांगतो, खरी उत्तरं द्या. माझ्या मित्राला कसली भीती वाटते हे मी शेजारी बसून कधी विचारलं नव्हतं, ते त्या चाचणीने विचारलं. तिचं कौतुक करायचं की तिच्यावर रागवायचं, ते मात्र माझं अजून ठरलेलं नाही.

कोल्ड स्टोरेजच्या जमिनीचं काँक्रीट टाकायचं होतं, त्या सकाळी मी पहिल्यांदा एकटा गेलो. तो दिवस कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरच्या जिवाला घोर लावणारा असतो. काँक्रीटच्या गाड्या एकामागोमाग एक याव्या लागतात. मधेच खंड पडला तर जमिनीत जोड राहतो, आणि तो जोड पुढे कायमचा त्रास देतो. मी कंपनीची गाडी चालवत होतो, थंडीने काचेवर धुकं धरत होतं आणि शेजारची सीट रिकामी होती. सवयीने मी तोंड उघडलं आणि कुणीच नाही म्हणून मिटलं. यादी तशीच आत फिरत राहिली, ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, आणि पोटात जाळ पेटला. गोळी द्यायला कुणी नव्हतं. टपरीवर थांबलो आणि चहा न पिताच निघालो.

साईटवर पोचलो तर पंप लागलेला होता, मजूर फावडी घेऊन उभे होते आणि मुकादम माझ्या तोंडाकडे बघत होता. पहिली गाडी अजून आलेली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. समन्वय.

"गाड्या निघाल्या का?" तो एका दमात म्हणाला. "टोलनाक्यावर रांग हाय म्हणतात. पंपाच्या पायपाचा मागच्या वेळचा तो जोड बदलला का? डिझेल भरून ठेवलंय ना? पंप मधेच बसला तर दुसरा कुठून आणायचा? आणि दुपारी ऊन तापलं तर वरून तडे जातील, गोणपाट भिजवून ठेवलं का? मला इथं बसवत नाय रे. खुर्चीत नुसता वळवळतोय. तिथं असतो तर बोललो नसतो. इथनं बोललं तर चालतंय, नाय का? इथनं जागेला ऐकू जात नाय."

झेरॉक्स मशीनचा आवाज मागे येत होता. त्याने विचारलेली एकेक गोष्ट मी पहाटेपासून मनात घोळवत होतो, आणि आता तीच तो माझ्या कानात मोठ्याने म्हणत होता. मी इकडे तिकडे बघितलं. मुकादम अजून माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"होऊन जाईल," मी म्हणालो.

पलीकडे त्याने एक लांब श्वास सोडला. "हां," तो म्हणाला. "बरं वाटलं. ठेवतो."

मी फोन खिशात टाकला, मुकादमाकडे बघून हसलो, आणि कुणाला काही न बोलता पंपापाशी जाऊन वाकलो.